आवडत्या लेखिकेचे घर पडद्यावर दिसल्यानंतर

अमळनेरहून एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी अकरा वर्षांची असून तिला वाचनाचे विलक्षण वेड आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा वडिलांनी तिथल्या पुस्तकांच्या दालनातून तिला एनिड ब्लायटन यांच्या साहसकथा घेऊन दिल्या. त्यानंतर तिने त्या लेखिकेचे मिळेल ते पुस्तक वाचून काढले. मे महिन्याच्या सुट्टीत एका दुपारी, बाहेर ऊन मी म्हणत असताना, खिडक्यांचे पडदे ओढून आणि कूलर लावून घरातल्या सगळ्यांनी या लेखिकेच्या आयुष्यावरचा ‘एनिड’ हा इंग्रजी चित्रपट टीव्हीवर पाहिला. लेखिका मुलांची आहे, म्हणजे चित्रपटही मुलांसाठीच असेल, असे या ताईंना वाटले होते. पडद्यावर मात्र नवऱ्याशी भांडणारी, सोयीस्कर खोटे बोलणारी आणि स्वतःच्या मुलींना दूर ठेवणारी एक स्त्री दिसली. मुलगी शेवटपर्यंत गप्प बसून राहिली आणि संध्याकाळी तिने सगळी पुस्तके पिशवीत भरून वडिलांना माळ्यावर ठेवायला लावली. सासूबाई म्हणाल्या, “पोरले असं कसाले दखाडं?” ताईंच्या यजमानांचे म्हणणे असे, की मुलगी मोठी झाली आहे आणि खरे काय ते तिला कळलेच पाहिजे. ताई विचारतात, की आपले चुकले का, “ती खरेच अशी होती का?” या मुलीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे आणि ती पुन्हा वाचू लागावी यासाठी काय करावे. पत्राच्या शेवटी, सही झाल्यावर, त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आहे, तिच्याकडे मी नंतर येतो.

ताई, चुकण्याचा प्रश्न आधी मिटवू, कारण त्यात फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. ‘एनिड’ हा चित्रपट बीबीसीने २००९ साली प्रौढ प्रेक्षकांसाठी काढला. त्यात हेलेना बोनम कार्टर यांनी लेखिकेची भूमिका केली आहे. एका मोडलेल्या संसाराची ती गोष्ट आहे आणि मुलांची लेखिका हे त्यातल्या नायिकेचे काम आहे, इतकाच त्याचा मुलांशी संबंध. लेखकाच्या नावावरून प्रेक्षकांचे वय ठरवण्याची गफलत तुमच्यासारख्या पुष्कळ जाणत्या पालकांची होते. यापुढे असा चित्रपट आधी आपण एकट्याने पाहावा आणि मुलांबरोबर पाहताना काही खटकले तर मध्येच बंद करायला संकोचू नये. सगळे घर बसले आहे म्हणून शेवटपर्यंत पाहिलेच पाहिजे, असा काही नियम नाही.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. तुमचे यजमान म्हणतात ते मला पटते, पण एका दुरुस्तीसह. मुलीला खरे कळले पाहिजे हे बरोबर आहे, मात्र चित्रपट म्हणजे ते खरे नव्हे. एनिड ब्लायटन यांचा जन्म १८९७ चा आणि मृत्यू १९६८ चा. एवढे आयुष्य दीड तासाच्या आत बसवायचे तर पटकथाकाराला त्यातले मोजके प्रसंग उचलावे लागतात, चार वर्षांत घडलेले एका संध्याकाळी घडल्यासारखे दाखवावे लागते आणि बंद दाराआड नवरा-बायको काय बोलले असतील ते स्वतःच रचावे लागते. चरित्रपटातल्या संवादांची नोंद कुठे नसते, हे अकरा वर्षांच्या मुलीला कोणी सांगितलेले नसते. तिने पडद्यावरचा शब्द न् शब्द घडलेला मानला असणार. तेव्हा पहिले काम म्हणजे घडलेले काय आणि रचलेले काय, हे तिच्यासमोर शक्य तेवढे वेगळे करून ठेवणे.

ज्याची नोंद आहे ते असे. एनिड तेरा वर्षांची होण्याच्या सुमारास तिचे वडील दुसऱ्या एका स्त्रीसाठी घर सोडून गेले. तिचा त्यांच्यावर फार जीव होता. आईने मुलांना बजावले, की कोणी विचारले तर वडील गावाला गेले आहेत असे सांगायचे. घरातले दुःख बाहेर दिसू द्यायचे नाही आणि त्यावर एक गोड गोष्ट पांघरायची, हे शिक्षण तिला त्या वयात मिळाले आणि ते जन्मभर पुरले. तिचा बॉब्स नावाचा कुत्रा होता, त्याच्या नावाने ती नियतकालिकातून बालवाचकांना पत्रे लिहीत असे. कुत्रा मेला, तरी त्याची पत्रे चालूच राहिली. १९२४ मध्ये तिने ह्यू पोलॉक या संपादकाशी लग्न केले. १९३१ मध्ये गिलियन आणि १९३५ मध्ये इमोजेन अशा दोन मुली झाल्या. १९४२ मध्ये घटस्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी तिने दुसरे लग्न केले. मुलींची आणि त्यांच्या वडिलांची भेट त्यानंतर जवळजवळ तुटली. हे चित्रपटाने रचलेले नाही आणि त्यावर पांघरूण घालण्याचे आपल्याला काही कारण नाही. मांडीवर टंकलेखन यंत्र घेऊन दिवसाला सहा ते दहा हजार शब्द लिहिणारी ही बाई सातशेच्या आसपास पुस्तके मागे ठेवून गेली, तेव्हा तिच्या दिवसाचा मोठा भाग कुठे जात असेल हे सांगायला चित्रपटाचीही गरज नाही. (जाता जाता एक गंमत. ज्या बीबीसीने हा चित्रपट काढला, तिनेच अनेक वर्षे या लेखिकेच्या कथा हलक्या दर्जाच्या ठरवून आपल्या प्रसारणाबाहेर ठेवल्या होत्या.)

तरीही “ती आई कशी होती?” याचे एक उत्तर नोंदींतून निघत नाही आणि माझ्या मते तुमच्या मुलीला सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. धाकटी इमोजेन हिने १९८९ मध्ये आपल्या बालपणावर पुस्तक लिहिले आणि आपल्या आईत मातृत्वाची जाणीव जवळजवळ नव्हती, असे त्यात अतिशय कठोर शब्दांत मांडले. थोरली गिलियन हिने मात्र आपली आई न्यायी, प्रेमळ आणि सहवासाला मोठी मनोरम होती, असेच कायम सांगितले. दोघींचे घर एक, आई एक, वयात चारेक वर्षांचे अंतर. चित्रपटाने धाकटीची आठवण उचलली आहे. त्यात खोटेपणा नाही, कारण एका आठवणीवर उभे राहिल्याशिवाय नाटक रचता येत नाही. पण थोरलीच्या आठवणीवर कोणी चित्रपट काढला असता, तर तोही तितकाच खरा म्हणून आपण पाहिला असता. धाकटी खोटे बोलली असे मुलीला चुकूनही सांगू नका. ज्या मुलीच्या वाट्याला आईचा हात कमी आला, तिने ते सांगितले तर ते ऐकून घेतलेच पाहिजे. दोघी खरे सांगत असू शकतात, हे तिला कळायला थोडा वेळ लागेल आणि तो लागू द्यावा.

हे तोंडी समजावून सांगण्यापेक्षा एक प्रयोग करून पाहा. तुम्ही लिहिले आहे, की सासरे आता हयात नाहीत आणि नणंद सुट्टीत माहेरी येणार आहे. मुलीला सांगा, की आजोबा कसे होते हे आधी बाबांना विचार आणि नंतर, बाबा समोर नसताना, आत्याला विचार. तिने दोघांचे सांगणे वहीत लिहून काढावे. जो बाप मुलाच्या आठवणीत छडी घेऊन उभा असतो, तोच लेकीच्या आठवणीत बाजाराच्या दिवशी हळूच हातावर पैसे ठेवणारा निघतो, असे आपल्याकडच्या कितीतरी घरांत आढळते. तुमच्याकडे काय निघेल ते मी कसे सांगणार? पण दोन वह्या एकसारख्या निघणार नाहीत, याची मला खात्री आहे आणि त्यानंतर गिलियन व इमोजेन या तिला फक्त चित्रपटातल्या मुली वाटणार नाहीत. यजमानांना मात्र आधीच सांगून ठेवा, की लेकीसमोर बहिणीचे म्हणणे खोडून काढायचे नाही.

सासूबाईंचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. तुम्ही लिहिता, की त्या नातीला ‘श्यामची आई’ मोठ्याने वाचून दाखवतात आणि “दाखवायचे तर गुरुजींसारख्यांचे दाखवावे” असे म्हणतात. साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे तुमच्या गावी शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांचे अंथरूण-पांघरूण त्यांनी आवरले, कंदिलाच्या काचा पुसल्या, त्यांच्यासाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ चालवले. लिहिणारा आणि जगणारा माणूस इतका एकरूप असू शकतो, हे ज्या गावाने डोळ्यांनी पाहिले, त्या गावातल्या मुलीला मुलांसाठी लिहिणारे सगळेच तसे असतील असे वाटणे साहजिक आहे आणि म्हणूनच तिचा अपेक्षाभंग मुंबई-पुण्याच्या मुलीपेक्षा अधिक तीव्र असेल, असे मला वाटते. गुरुजी हा नियम नव्हे, अपवाद आहे, हे तिला कधीतरी कळायचेच होते.

पण सासूबाईंना नम्रपणे एवढे विचारावेसे वाटते, की गुरुजींचे तरी आपण मुलांना सगळे सांगतो का? नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढले, हे सांगतो. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, हे अभिमानाने सांगतो. गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे आयुष्य स्वतः संपवले, हे मात्र सांगायचे टाळतो. आज ना उद्या ती हे शाळेत किंवा मोबाईलवर वाचेल आणि तेव्हा “तुम्ही मला का सांगितले नाही?” असा प्रश्न घरात येईल. मुलांवर एवढी माया करणारा माणूस मनाने इतका खचू शकतो, तेव्हा त्याला आधाराची गरज असते आणि तो मागण्यात कमीपणा नसतो, हे तिने विचारले तर सरळ आणि थोडक्यात सांगावे. आपण होऊन आजच तो विषय काढू नये, कारण एका वेळी एवढे ओझे पुरे. मला एवढेच दाखवायचे आहे, की एनिडबाईंचे दाखवू नये आणि गुरुजींचे दाखवावे असा हा प्रश्न नाही. कोणाचेही आयुष्य दाखवले, की त्याबरोबर त्याची सावली येते आणि ती कोणत्या वयात, कोणाच्या शेजारी बसून पाहायची, एवढेच आपल्या हातात असते.

आता माळ्यावरच्या पुस्तकांकडे येऊ. ती तुम्ही खाली काढू नका. तिने राग व्यक्त करण्यासाठी जे केले ते बऱ्यापैकी शहाणपणाचे आहे. पुस्तके तिने फाडली नाहीत, रद्दीत घातली नाहीत, मैत्रिणीला देऊन टाकली नाहीत, माळ्यावर ठेवली. “लेखिका कशीही असली तरी पुस्तके चांगलीच आहेत” हे वाक्य तर सध्या अजिबात उच्चारू नका. ते खरे असले, तरी तिला ते आपल्या दुःखाची वासलात लावल्यासारखे वाटेल. महिना-दीड महिन्याने, ती आपण होऊन त्या पुस्तकांबद्दल काही बोलली, तर तिला एकच आठवण करून द्या. या लेखिकेच्या ‘फेमस फाइव्ह’ मालिकेच्या पहिल्याच गोष्टीत जॉर्ज नावाच्या मुलीचे वडील, म्हणजे ते क्वेंटिन काका, कसे आहेत? दार लावून काम करत बसणारे, जराशा आवाजाने खोलीबाहेर येऊन मुलांवर खेकसणारे, आपल्या एकुलत्या लेकीला काय वाटते याचा पत्ता नसलेले. आणि ती लेक एकटी, रुसलेली, मित्रांना जीव लावायला आसुसलेली. हे पुस्तक १९४२ सालचे आहे. लेखिकेचा घटस्फोट झाला तेही हेच साल. तिने ठरवून स्वतःचे घर त्या गोष्टीत घातले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण ते बंद दार तुमच्या मुलीने चित्रपटाच्या कितीतरी आधी त्या पुस्तकात पाहिले होते आणि त्याच्या बाहेर उभ्या असलेल्या मुलीची बाजू त्याच लेखिकेने घेतली होती. वाचणाऱ्या मुलीला एवढे सुचवले तरी पुरते. पुढे ती पुस्तके काढायची की नाही, ते तिचे तिला ठरवू द्या. नाहीच काढली, तरी मराठीत वाचण्यासारखे इतके आहे, की तुम्ही काळजी करू नये.

आता ती शेवटची ओळ. तुम्ही दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेता, संध्याकाळी सहा ते आठ, पुढच्या खोलीत, दार लावून. सही झाल्यावर तुम्ही लिहिले आहे, “परवा शिकवणीच्या मुलांना पन्हे देत होते, ती मुले गेल्यावर ही म्हणाली, तूपण दुसऱ्यांच्याच मुलांशी हसतेस. सहज आठवले म्हणून लिहिले.” ताई, हे सहज आठवलेले नाही. चित्रपटात लेखिका आपल्या बालवाचकांना घरी चहापाण्याला बोलावते, त्यांच्याशी हसतेखेळते आणि तिच्या स्वतःच्या मुली वरच्या मजल्यावर असतात. तुमच्या मुलीने त्या प्रसंगात काय पाहिले, ते तिने तुम्हाला सांगून टाकले आहे. लेखिकेविषयीचे तिचे दुःख खरे आहे, पण पुस्तके माळ्यावर गेली ती केवळ त्या दुःखाने नव्हे, असा माझा कयास आहे.

यावरून तुम्ही शिकवण्या बंद कराल किंवा रात्री तिला जवळ घेऊन रडाल, अशी मला भीती वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो. दोन्ही करू नका. आई कामाला जाते याचे आपल्याकडच्या मुलांना नवल नसते. कापूस वेचायला, केळीच्या बागेत, बँकेत किंवा रुग्णालयात जाणाऱ्या आयांची मुले काही आईविना वाढत नाहीत. मुलांना लागते ते हे, की आई दमली आहे म्हणून आपल्याशी बोलत नाही आणि तीच आई पाच मिनिटांपूर्वी दुसऱ्यांच्या मुलांशी हसत होती. हसणे उरलेच नाही, असा हिशेब ती मांडतात. तेव्हा वेळेपेक्षा क्रम बदलून पाहा. आठ वाजता मुले गेली, की स्वयंपाकघरात जाण्याआधी आणि मोबाईल हातात घेण्याआधी तिच्याजवळ थोडा वेळ बसा. अभ्यास झाला का, हा प्रश्न त्या वेळात विचारू नका, तुम्ही दोन तास तेच केलेले असते. पन्ह्याचा एक पेला तिच्यासाठी आधीच काढून ठेवा आणि तो तुम्ही स्वतः द्या. शिकवणीच्या मुलांना पन्हे वाटायला मात्र तिला लावू नका. तिला सामावून घेतल्यासारखे वाटेल असे तुम्हाला वाटेल, पण तिच्या लेखी ते आणखी एक घरकाम असेल. आणि एखाद्या दिवशी, ती मोकळी असताना, “चित्रपटात तुला सगळ्यांत वाईट कशाचे वाटले?” असे विचारून गप्प बसा. ती तुमच्याबद्दल काही बोलली, तर लगेच खुलासा करू नका. पैशांची गरज, फीचे हप्ते, बाबांची नोकरी हे सगळे खरे असले, तरी ते दुसऱ्या दिवशी सांगता येईल. पहिल्या दिवशी ऐकून घ्यावे.

शाळा सुरू झाल्यानंतरही ती मैत्रिणींत मिसळत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल किंवा पुस्तकांखेरीज इतर आवडीच्या गोष्टीही तिने सोडल्या असतील, तर हे चित्रपटापलीकडचे काहीतरी आहे असे समजून बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटावे. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही. ती सायकल चालवते, आजीबरोबर बिबडे वाळत घालायला गच्चीवर जाते आणि भाजी आवडली नाही तर सांगते. हे सगळे मला चांगले लक्षण वाटते.

असा दुसरा चित्रपट तिला दाखवावा का, असेही तुम्ही विचारले आहे. लगेच नको, पण पुढच्या सुट्टीत दाखवायला हरकत नाही. सशांच्या चित्रकथा लिहिणाऱ्या बिआट्रिक्स पॉटर यांच्यावरचा २००६ चा ‘मिस पॉटर’ त्यासाठी बरा आहे. त्यात आई-वडिलांशी मतभेद आहेत, पण कडवटपणा कमी आहे आणि पुस्तकांच्या पैशांतून शेते विकत घेऊन ती राखणारी बाई त्यात दिसते. मृत्यूच्या वेळी, १९४३ मध्ये, पॉटर यांनी चार हजार एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केली, ही गोष्ट केळी-कापसाच्या मुलखातल्या मुलीला नक्की रस वाटेल अशी आहे. मात्र लग्न ठरल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा वाग्दत्त वर दगावतो, तो प्रसंग मध्यावर येतो आणि तो अचानक येतो. म्हणून आधी तुम्ही पाहा, तिला त्या प्रसंगाची कल्पना द्या आणि शिकवणीला सुट्टी असेल असाच दिवस निवडा. सासूबाईंनाही बसवा, त्यांना इंग्रजी कळत नसेल तर नात सांगेल.